‘इन्फंट’चा फेरफार : इंग्रजी शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधावं

इंग्रजी शब्दांची मुळं शोधायचा नाद लावून घ्यायचा असेल तर पहिला शब्द जपून निवडा. ‘गर्ल’ किंवा ‘बॉय’ घेऊन बसलात तर तासाभरात वैतागाल. दोघांचाही माग तेराव्या-चौदाव्या शतकात जाऊन थांबतो आणि त्यापलीकडे पंडितांचे नुसते तर्क. ‘बेबी’ घेतलात तर दोन मिनिटांत खेळ खलास. तान्ह्या पोरांच्या बा-बा, बे-बे बडबडीवरून झालेला शब्द, बहुतेकांचं मत हेच. मी नवख्यांच्या हाती ‘इन्फंट’ देते. कागदोपत्री भक्कम आहे, आणि मधेमधे अशी वळणं घेतो की लागतील तेवढ्या सगळ्या युक्त्या या एका शब्दावर शिकून होतात.

मी नाशिकरोडला राहते. कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमचे अण्णा तलाठी होते, त्यामुळे शब्दकोश उघडायच्या कितीतरी आधी मला फेरफाराचं रजिस्टर वाचता यायला लागलं. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे आली कशी हे बघायचं तर फेरफार काढावे लागतात, एकेक करत मागे मागे. मधला एक जरी सापडला नाही तर ‘आमच्या पणजोबांचीच होती हो ती’ या बोलण्याला काडीची किंमत नसते. शब्दाचंही तसंच आहे. दर वेळी हात बदलला त्याची नोंद दाखवा, मग बोला. हा एक दंडक पाळलात तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक व्युत्पत्त्या तुमच्या उंबऱ्यावरूनच परत जातील.

आधी आजचे अर्थ गोळा करा

लोक थेट लॅटिनवर उडी मारतात. घाई करू नका. शब्द आज कुठे कुठे आणि कोणत्या अर्थाने चालतो ते आधी लिहून काढा. मुळाशी पोचल्यावर तिथून इथवर तो आला कसा, हे तुम्हालाच जुळवायचं असतं, आणि तेव्हा हीच यादी कामाला येते.

‘इन्फंट’ची यादी मजेशीर आहे. विमानाचं तिकीट काढताना इन्फंट म्हणजे दोन वर्षांच्या आतलं मूल. आरोग्याच्या आकडेवारीत एक वर्षाच्या आतलं. आपण ज्याला अर्भक मृत्युदर म्हणतो तो म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वाढदिवसाआधी दगावलेली बाळं. इंग्लंडात इन्फंट स्कूल असते ती साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलांची. आमच्याकडे फेब्रुवारीत ज्याची यात्रा भरते तो बाळ येशू म्हणजे इंग्रजीत इन्फंट जीझस, आणि मूर्ती बघाल तर डोक्यावर मुकुट घातलेला, स्वतःच्या पायांवर ताठ उभा असलेला मुलगा. राहता राहिला जुना इंग्रजी कायदा. त्यात एकवीस पूर्ण होईपर्यंत मिशा फुटलेला बाप्यासुद्धा इन्फंटच.

काम शिकायला माझ्याकडे आलेल्या एका मुलीने जुन्या वाटणीच्या दाव्यातलं वाक्य मराठीत आणलं ते असं : ‘वादी हे तान्हे बाळ असून ते आपल्या जवळच्या मित्रामार्फत दावा दाखल करीत आहे.’ खाली वादीचं वय सतरा. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, सतरा वर्षांचं तान्हं बाळ?” मला तिचं कौतुक वाटलं, कारण पुष्कळजण विचारतही नाहीत, तसंच टाईप करून देतात. तिथे ‘इन्फंट’ म्हणजे अज्ञान, कायद्याने अजून सज्ञान न झालेला, आणि ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणजे वादमित्र, अज्ञानाच्या वतीने दावा चालवणारा.

शब्द शोधायला बसलात की असा खटकणारा अर्थ हुडका. सगळे अर्थ एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत असतील तर शोधण्यासारखं फारसं काही नसतं. एक वर्षाचं बाळ आणि वीस वर्षांचा वारसदार एकाच शब्दात बसतात, म्हणजे मुळात त्या शब्दाचा वयाशी संबंधच नसावा. हा संशय वहीत लिहून ठेवा.

कुठे बघायचं

फोन पुरतो. पहिला थांबा एटिमॉनलाइन. डग्लस हार्पर या गृहस्थांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि वाचायला सोपं आहे. मात्र त्याकडे अनुक्रमणिका म्हणून बघा, निकालपत्र म्हणून नको. तिथे ज्या पायऱ्या दिसतील त्यांतली प्रत्येक दुसरीकडे जाऊन तपासायची.

मधल्या काळातल्या इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश आहे, तोही फुकट. त्यात जुन्या हस्तलिखितांतली वाक्यंच्या वाक्यं दिलेली असतात, आणि शब्द तेव्हा कसा लिहायचे ते डोळ्यांनी दिसतं. सगळ्यात वजनदार साक्षीदार म्हणजे ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याची कल्पना निघाली १८५७ साली, पहिला भाग छापला गेला १८८४ मध्ये आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. आजच्या आवृत्तीला वर्गणी पडते, पण त्या पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर मोफत चाळता येतात. पानं पिवळी आहेत, टाईप बारीक आहे, चष्मा जवळ ठेवा. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट या जोडगोळीचा १८७९ चा कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर मिळतो.

आपल्या बाजूचं काही पडताळायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेत. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश कुठल्याही बऱ्या वाचनालयात सापडतो.

नोंद वाचताना तीन गोष्टी नीट समजून घ्या. डावीकडे टोक असलेली ‘<’ ही खूण दिसली की ‘याच्यापासून’ असं वाचायचं. ‘सीएफ’ अशी अक्षरं आली तर ‘याच्याशी ताडून बघा’. ताडून बघा म्हणजे त्याच्यापासून आला असं नव्हे, निम्मे लोक इथेच घसरतात. आणि एखाद्या रूपाआधी चांदणी असेल तर ते रूप कुठल्याही शिलालेखात किंवा पोथीत सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नियमांवरून बांधलेलं आहे. चांदणीवाल्या रूपाला पुरावा समजू नका. आणखी एक, नोंदीतलं साल हे शब्द पहिल्यांदा कागदावर सापडल्याचं असतं. बोलण्यात तो त्याआधी किती वर्षं होता ते त्या सालावरून कळत नाही.

एकेक पायरी मागे

इंग्रजी लिखाणात ‘इन्फंट’ दिसायला लागतो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हाची रूपं ‘एन्फाउंट’, ‘इन्फाउंट’ अशी दोन्ही. ‘एन’ने सुरू होणारं रूप हाच पुरावा, कारण ते फ्रेंच ‘आंफां’चं जुनं लिखित रूप आहे. पुढे लॅटिन शिकलेल्या मंडळींना मुळातला ‘इ’ आठवला आणि त्यांनी तो परत बसवला.

फ्रेंच मधे कशाला आली? १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट, जमीनजुमला सगळं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेलं. कोर्टात साध्या माणसाला काय चाललंय ते कळेना, तेव्हा १३६२ मध्ये कायदा करून बाजू इंग्रजीत मांडायला सांगावं लागलं. तरी कायद्याचे शब्द फ्रेंचच राहिले. घरात मात्र ‘चाइल्ड’ होता तसाच राहिला. तो अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातला शब्द, जुन्या इंग्रजीत ‘चिल्ड’. त्याच घराण्यातल्या जुन्या गॉथिक भाषेतला त्याचा नातलग ‘किल्थेइ’, म्हणजे गर्भाशय. म्हणजे चाइल्ड हे आईच्या पोटातून आलेलं लेकरू आणि इन्फंट हे कोर्टाच्या दारातून आलेलं. एकाच वयाला दोन शब्द का, याचं उत्तर पुष्कळदा असं सत्ताधाऱ्यांच्या भाषेत सापडतं. ‘मूल’ आणि ‘अज्ञान’ आपणही वेगवेगळ्या टेबलांवर वापरतोच की.

जुन्या फ्रेंचच्या मागे लॅटिन ‘इन्फान्स’. षष्ठीत ‘इन्फांतिस’, आणि आपला ‘ट’ त्या ‘त’मधून आलाय. लॅटिन शब्दाची पहिली विभक्ती बघून थांबू नका, पुढची रूपंही बघा. इंग्रजीत आलेलं अक्षर बरेचदा तिथे लपलेलं असतं.

तोडताना जपून

आता शब्द फोडायचा. ‘इन’ अधिक ‘फान्स’. इथे पहिला खड्डा आहे. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक ‘आत’ या अर्थाचा, दुसरा ‘नाही’ या अर्थाचा, आणि दिसायला दोघे जुळे. शिकवणीला येणारी पोरं हमखास पहिला धरतात आणि ‘आईच्या आत असलेलं ते इन्फंट’ असं सुंदर काहीतरी रचतात. छान वाटतं, टाळ्या मिळतात, पण चूक. लुइस आणि शॉर्ट उघडा : ‘ज्याला बोलता येत नाही तो’ असा पहिलाच अर्थ. हा ‘इन’ नकाराचा, इंग्रजी ‘अन’चा आणि आपल्या अनंत, अनादि यांतल्या ‘अन्’चा भाऊबंद. आणि ‘फान्स’ म्हणजे बोलणारा. ‘फारी’ म्हणजे बोलणे, त्या धातूचं वर्तमानकालीन धातुसाधित.

बोलता न येणारा. वयाशी संबंध नसावा, हा मघाचा संशय खरा ठरला. याचा आणखी एक पुरावा त्याच कोशात आहे. रोमचा नामांकित वक्ता सिसेरो याने हाच ‘इन्फान्स’ मोठ्या माणसांना लावलाय, ज्यांना चार लोकांत उभं राहून धड बोलता येत नाही अशांना. मुळातला अर्थ पक्का करायचा तर असंच एखादं उदाहरण शोधा, जिथे नेहमीचा अर्थ बसूच शकत नाही.

तुकडा हाती लागला की त्याचे इतर नातलग गोळा करा. ‘फारी’च्या घरात ‘फेबल’ आहे, सांगितलेली गोष्ट. ‘फेम’, म्हणजे लोक बोलतात ती कीर्ती. ‘प्रीफेस’, आधी बोललेलं. ‘ॲफेबल’, ज्याच्याशी बोलायला सोपं जातं असा माणूस. ‘फेट’ म्हणजे नियती, मूळ अर्थ ‘बोललं गेलेलं’. देवांनी एकदा बोलून टाकलं की संपलं. ग्रीकच्या बाजूने ‘प्रॉफेट’ आणि तुमच्या हातातला ‘फोन’ही त्याच घरचे. एवढे नातलग एकाच अर्थाकडे बोट दाखवतात म्हटल्यावर तोड बरोबर पडली. एकटाच तुकडा असता तर मी दोनदा विचार केला असता.

आवाजाची कसोटी

आता मराठी माणसाला जिथे सगळ्यात जास्त मजा येते आणि जिथे तो सगळ्यात जास्त वाहवत जातो ती पायरी. हे संस्कृतात आहे का?

विल्यम जोन्स कलकत्त्यात न्यायाधीश होता. १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीत त्याने सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही. तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नाही. हे नीट ऐका. एकीपासून दुसरी निघाली असं तो म्हणत नाही. ‘सगळं संस्कृतातूनच गेलं’ असं म्हणणाऱ्याला हा दुसरा अर्धा भाग कधी आठवत नाही.

मग नातं ओळखायचं कसं? दिसण्यावरून नाही, नियमावरून. शब्दाच्या सुरुवातीला संस्कृतात जिथे ‘भ’ तिथे लॅटिनमध्ये ‘फ’ आणि इंग्रजीत ‘ब’. वहीत तीन रकाने आखा आणि भरा. भ्राता, फ्रातेर, ब्रदर. भरामि, फेरो, बेअर, तिघांचाही अर्थ वाहून नेणे. भू, फुइ, बी, म्हणजे असणे. रांग लागली ना? आता ‘फारी’ मधल्या रकान्यात टाका आणि दोन्ही बाजू रिकाम्या ठेवा. इंग्रजीच्या रकान्यात ‘ब’ने सुरू होणारा, बोलण्याच्या अर्थाचा शब्द पाहिजे. तो आहे : ‘बॅन’. आज बंदी, पण जुन्या इंग्रजीत जाहीर पुकारा करणे, हुकूम सोडणे. संस्कृतच्या रकान्यात ‘भ’ पाहिजे. ऋग्वेदात ‘भनति’ आहे, पुढच्या संस्कृतात ‘भणति’, प्राकृतात ‘भणइ’, आणि मराठीत तोच ‘भ’ नाकात शिरून झाला ‘म्हणे’. लॅटिन धातूत तो ‘न’ नाही, त्यामुळे बारकाव्यांवर वाद चालतात. पण पुष्कळ अभ्यासक हे एकाच कुळातलं मानतात.

म्हणजे इन्फंट हे ज्याला काही म्हणता येत नाही ते. वर्गात हे फळ्यावर उतरतं तेव्हा मागच्या बाकावरचेही सरळ बसतात.

पण लगेच हुरळून जाऊ नका. तिसरा रकाना कशासाठी, तर लॅटिन ‘फ’ फसवा आहे. तो कधी ‘भ’चा असतो, कधी ‘ध’चा. लॅटिन ‘फूमुस’ म्हणजे धूर, संस्कृतात ‘धूम’. लॅटिन ‘फाकिओ’ म्हणजे करतो, संस्कृतात ‘धा’, इंग्रजीत ‘डू’. इंग्रजीकडे ‘ब’ की ‘ड’ हे बघितल्याशिवाय संस्कृतकडे धावू नये. आणि नुसतं सारखं दिसणं म्हणजे काहीच नव्हे. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’ नातलग आहेत, ग्रीक ‘थिऑस’ मात्र नाही, जरी तिघांचाही अर्थ एकच. इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’, आपल्या बदनाममधला, अर्थाने नि आवाजाने सख्खे भाऊ वाटतात. त्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही.

अर्थ सरकला कसा

मूळ मिळालं की अर्धे लोक वही मिटतात. माझ्या मते खरी गोडी इथून पुढे. न बोलणारं बाळ वीस वर्षांचा वारसदार झालं कसं?

याचा दुवा रोमन कायद्यात आहे. तिथे करार तोंडी व्हायचा, ठरलेल्या शब्दांत. एकाने विचारायचं, “स्पोन्देस?”, वचन देतोस? दुसऱ्याने तोच शब्द फिरवून म्हणायचं, “स्पोन्देओ.” देतो. शब्द उच्चारले गेले नाहीत तर करार नाही. मग ज्याला बोलताच येत नाही तो बांधला जाणार कसा? ‘इन्फान्स’ला कायदेशीर वजन आलं ते असं. पुढे ही मर्यादा सात वर्षांवर ठरली. सात वर्षांचं पोर घर डोक्यावर घेतं, पण काय बोलतोय याचा अर्थ त्याला कळत नाही, असा हिशोब. बोलण्याची अट समजण्याची झाली आणि वय वाढायला वाट मोकळी झाली.

इंग्रजी कायद्याने ते पार एकवीसपर्यंत नेलं. १७६५ पासून निघालेल्या आपल्या ग्रंथात ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने लिहिलंय की स्त्री असो वा पुरुष, पूर्ण वय एकवीस, आणि तोवर कायद्याच्या लेखी ती व्यक्ती इन्फंट. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने ही मर्यादा अठरावर आली आणि ‘इन्फंट’ऐवजी ‘मायनर’ म्हणायला हरकत नाही असंही त्यात लिहिलं. आपल्याकडे १८७५ च्या कायद्यानेच अठरा ठरलं होतं. फक्त कोर्टाने पालक नेमलेला असेल तर एकवीस, ते कलम १९९९ मध्ये गेलं. त्यामुळे जुन्या निकालपत्रात इन्फंट आलं की वय सोळा आहे की वीस हे बाकीच्या कागदांवरून काढावं लागतं.

सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ बघितलंय ना? अज्ञान पालन कर्ता. मुलाचं नाव, पुढे अ.पा.क. आणि आईचं नाव. मूल अठराचं झालं की शेरा कमी करायला तलाठ्याकडे अर्ज. अण्णांकडे असे अर्ज घेऊन धिप्पाड पोरं यायची आणि दाढी खाजवत म्हणायची, “भाऊसाहेब, माझं अज्ञान काढायचंय.” अण्णांचं उत्तर ठरलेलं : “कागदावरचं काढतो, बाकीचं तुझं तू बघ.” रोमने बोलण्यावर बोट ठेवलं, आपल्या दफ्तराने जाणण्यावर.

अर्थाची दुसरी फांदी सैन्यात गेली. ‘इन्फन्ट्री’ म्हणजे पायदळ. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, फ्रेंचने तो इटालियनकडून घेतला. इटालियन ‘इन्फान्ते’ आधी मूल, मग पोरगा, मग चाकर, मग घोडा नसलेला साधा शिपाई. घोडदळात जायला वय पाहिजे, पैसा पाहिजे, घराणं पाहिजे. ज्याच्याकडे यातलं काही नाही तो पायी. आखूड होऊन हाच शब्द ‘फान्ते’ झाला आणि इटालियन पत्त्यांच्या कॅटमध्ये आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याचं नावही ‘फान्ते’. त्याच पत्त्याला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणत; तोही मुळात ‘मुलगा’, मग नोकर, मग लबाड. ग्रीक ‘पाइस’ मूलही आणि गुलामही.

‘मूल’ ते ‘नोकर’ ही घसरण इतक्या ठिकाणी दिसते की संशयाला जागा राहत नाही. आणि परदेशात जायलाही नको. कुठल्याही हॉटेलात पाणी आणून देणाऱ्याला आपण काय हाक मारतो? पोऱ्या. मग तो पन्नाशीचा का असेना. अर्थ सरकल्याचा तुमचा तर्क खरा आहे का हे बघायचं असेल तर दुसऱ्या दोन-तीन भाषांत तसंच सरकणं सापडतं का ते बघा. सापडलं तर बळ येतं. कुठेच नाही सापडलं तर सावध व्हा.

तिसरी फांदी उलट वर चढली. स्पेन आणि पोर्तुगालात गादीचा वारस सोडून राजाच्या इतर मुलांना ‘इन्फान्ते’ म्हणायचे. शाळेच्या पुस्तकात ज्याला हेन्री द नॅव्हिगेटर म्हटलंय तो पोर्तुगीजांचा इन्फान्ते दों हेन्रिक. जन्म १३९४, मृत्यू १४६०. सहासष्ट वर्षांचा होऊन गेला तरी पदवी ‘बाळ’चीच.

गोष्टीवर विश्वास नको

या फांद्या एकमेकींजवळ आल्या की लोकांना गोष्ट सुचते. ‘इन्फन्ट्री’बद्दल एक फार लाडकी आहे : स्पेनच्या कुणा राजकन्येने म्हणे मुरांविरुद्ध, म्हणजे तिथल्या मुसलमान सत्तेविरुद्ध, पायदळ उभं केलं, म्हणून त्याला इन्फान्तावरून, म्हणजे राजकन्येच्या पदवीवरून, नाव पडलं. पायदळाचा शब्द पोरगा-चाकर-शिपाई या वाटेने नोंदीनिशी आलेला दिसतो. राजकन्येच्या वाटेवर एकही नोंद नाही. माझा अनुभव असा की व्युत्पत्तीत राजकन्या, पैज किंवा ‘एकदा काय झालं’ आलं की शंभरातली बहुतेक प्रकरणं नंतर रचलेली निघतात.

आकडे जुळले म्हणूनही धागा बांधू नका. रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कला १८१६ मध्ये गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली; इन्फंट स्कूलची कुळकथा तिथून सांगतात. पुढे इंग्लंडात इन्फंटची मर्यादा सातच्या आसपास आली. रोममध्येही सात. मोह होतोच. पण रोमन कायदा वाचून शाळेची इयत्ता ठरवल्याची नोंद तुम्ही दाखवणार आहात का? नाही ना? मग दोन्ही सात आपापल्या जागी राहू द्या.

वहीत कसं लिहायचं

एका शब्दाला एक पान. वर आजचे अर्थ, खटकणाऱ्या अर्थाखाली रेघ. त्याखाली पायऱ्या, नव्याकडून जुन्याकडे, प्रत्येकीसमोर शतक आणि कोणत्या कोशात बघितलं ते. जी पायरी दोन ठिकाणी जुळली तिला बरोबरची खूण. जी एकाच ठिकाणी मिळाली ती पेन्सिलने. ‘बहुधा’, ‘कदाचित’ हे कोशातले शब्द उतरवताना गाळू नका. ‘भनति’ची ओळ माझ्या वहीत पेन्सिलचीच आहे. आवाजाचे तीन रकाने पानाच्या मागे.

‘इन्फंट’ झाला की ‘ॲडोलेसन्ट’ घ्या. त्याचा सख्खा भाऊ ‘ॲडल्ट’ आहे. एक वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना ‘ॲलम्नाय’ का म्हणतात हेही तिथेच सापडेल, ‘आलेरे’ म्हणजे पोसणे या धातूपाशी. त्यानंतर ‘चिल्ड्रन’. त्यात अनेकवचनाचे प्रत्यय एकावर एक दोन आहेत. आधीचा कुठला आणि नंतर चढवलेला कुठला, ते मिशिगनच्या कोशातली जुनी रूपं ओळीने लावून काढा. ‘गर्ल’ला हात सगळ्यात शेवटी लावा, आणि लावाल तेव्हा एवढं आधी ठाऊक असू द्या की चौदाव्या शतकात तो मुलग्यांनाही चालत होता.